चाक गाडीला सोडून जाते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूज आणि पूर्वेला चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यापासून हे शहर, लेण्यांच्या आणि दरवाजांच्या जुन्या कीर्तीच्या जोडीनेच, चाकांवर चालणाऱ्या वस्तूंचे शहर म्हणूनही ओळखले जाऊ लागले आहे. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना दुचाक्या व तीनचाक्या घडवीत आला, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या, आणि या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने ओतकाम, घडाई, लेथकाम आणि हार्डनिंग करणाऱ्या लहानमोठ्या वर्कशॉपांचे एक जाळेच या दोन टोकांच्या दरम्यान विणले गेले. अशा शहरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आपल्या हाताने गाडी घडवून ती शर्यतीत उतरविण्याची हौस वाटावी, हे स्वाभाविक आहे आणि अभिनंदनीयही आहे. मला लिहावयाचे आहे ते मात्र या हौसेच्या उत्साहात बहुधा कोणाच्या लक्षात न येणाऱ्या, दोन तळहातांत मावेल एवढ्या एका भागाविषयी. त्या भागाला हब म्हणतात.

मोटारीचे चाक म्हणजे रिम आणि तीवर चढविलेला टायर, एवढेच बाहेरून दिसते. पण ती रिम ज्या चकतीवर चार किंवा पाच नटांनी आवळलेली असते, ती चकती आणि तिच्या मागचा पोकळ दांडा मिळून हब होतो. हा दांडा बेअरिंगमध्ये फिरतो, ते बेअरिंग ‘नकल’ नावाच्या भागात दाबून बसविलेले असते, आणि नकल सस्पेन्शनच्या दांड्यांच्या द्वारे गाडीच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. ब्रेकची डिस्कही हबवरच बसते. म्हणजे गाडीचा भार रस्त्यावर उतरविणे, इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोचविणे, ब्रेकचा रेटा सोसणे आणि वळणावर गाडीला आतल्या बाजूस ओढून धरणे, ही चारही कामे जिच्यावाचून होऊ शकत नाहीत अशी ही वस्तू असून, तिच्या जागी उभा राहील असा दुसरा कोणताही भाग गाडीत नसतो.

या चार कामांपैकी वळणाचे काम सर्वांत जाचक. वळणावर रस्ता टायरच्या तळाला आडवा रेटा देतो. तो तळ हबच्या मध्यापासून सुमारे एक फूट खाली असल्यामुळे तेवढ्या लांबीच्या तरफेने तो रेटा हबला वाकवू पाहतो. पण हब स्थिर नसतो, तो फिरत असतो. त्यामुळे त्याच्या धातूचा जो कण या क्षणी ताणला जातो, तोच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबला जातो आणि फेरा पूर्ण होताच पुन्हा ताणला जातो. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण तीच पुनःपुन्हा इकडून तिकडे वाकवीत राहिले म्हणजे एकाएकी दोन तुकडे होतात, हे लहान मुलालाही ठाऊक असते. हबच्या बाबतीत हे वाकणे डोळ्यांना दिसण्याइतके मोठे नसते, एवढाच फरक. ३० सेंटिमीटर त्रिज्येचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५३० वेळा फिरते, म्हणजे अवघ्या १,९०० किलोमीटरांत दहा लाख फेरे पूर्ण होतात. त्यातला प्रत्येक फेरा सारख्या ताणाचा नसतो हे खरे. परंतु सरावासह दोन-तीन हंगाम धावलेल्या गाडीच्या हबने ही मजल गाठलेली असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘काल तर नीट चालत होता’ या वाक्याला पुरावा म्हणून किती मोल द्यावे, हे कळते.

धातूच्या या थकव्याचे ज्ञान मानवजातीला सुखासुखी झालेले नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे त्यावर चढले, आग भडकली आणि पन्नासांहून अधिक उतारू प्राणांस मुकले. दक्षिण महासागराचा शोध घेऊन सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द’उर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्या आगीत गेला. त्या काळी समजूत अशी होती की, वापराने लोखंडाची जात आतून बदलते आणि ते ठिसूळ होते. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन या तरुण अभियंत्याने मोडलेले आस न्याहाळून दाखवून दिले की लोखंडाची जात बदलत नाही; आसाची जाडी जिथे एकदम कमी होते त्या खांद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चीर उपजते, ती दिवसेंदिवस आत सरकत जाते, आणि उरलेला गाभा भार पेलण्यास अपुरा पडला की आस मोडतो. त्यावर त्याने सुचविलेला उपाय आजही तोच आहे: कोपरा काटकोनात कापू नका, त्याला गोलाई द्या. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर याने १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत आस फिरवून, वाकवून, तोडून या शास्त्राला आकड्यांचा पाया दिला. किती ताणाला किती फेरे, याचा हिशेब त्याने मांडला, आणि पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखालचा ताण जवळजवळ निरवधी सोसला जातो, हेही त्याच्याच प्रयोगांतून स्पष्ट झाले.

हा इतिहास मी इतक्या विस्ताराने सांगितला, कारण रँकिनने जो काटकोनी कोपरा १८४३ मध्ये दोषी ठरविला, तोच आजही हौशी गाड्यांच्या हबमध्ये सापडतो.

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या गाडीशर्यतींत सर्वांत रुजलेली स्पर्धा म्हणजे बाहा. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम भारतात २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे होऊ लागला. परंपरेने दहा अश्वशक्तीचे एकच ठराविक इंजिन सर्वांना, बाकी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखून घडवायची, आणि शेवटी खड्डे, उंचवटे, चिखल यांनी भरलेल्या मार्गावर चार तासांची कसोटी, असे तिचे स्वरूप. महिनोन्‌महिने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये राबून, गाडी टेम्पोत चढवून, कन्नडचा घाट उतरून धुळे-सेंधव्याच्या वाटेने पिथमपूरला जाणाऱ्या मुलांच्या परिश्रमांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या गाडीचा हब कसा तयार होतो, हे पाहण्यासारखे आहे. संगणकावर आकृती निघते, ताणाचे रंगीत चित्रही निघते. मग ती आकृती घेऊन एखादा विद्यार्थी वर्कशॉपमध्ये जातो, आणि तेथील कारागीर, ज्याला हा तुकडा कोणत्या गाडीत कोणते काम करणार आहे याची कल्पना कोणी दिलेली नसते, तो हाताशी असलेल्या टोकदार टूलने बेअरिंगच्या खांद्याचा कोपरा स्वच्छ काटकोनात काढून देतो. आकृतीत दीड मिलिमीटरची गोलाई होती. तुकड्यात ती नाही. कित्येकदा बेअरिंगची कड त्या गोलाईवर अडते म्हणून नंतर ती मुद्दाम घासून काढली जाते. संगणकाने दिलेला निर्वाळा त्याच क्षणी रद्दबातल होतो, आणि हे कोणाच्या गावीही नसते.

दुसरा मोह वजनाचा. चाकाबरोबर खाली-वर होणारा प्रत्येक ग्रॅम सस्पेन्शनला जड जातो, म्हणून हब पोलादाऐवजी अॅल्युमिनियमच्या उंची मिश्रधातूतून करण्याकडे मुलांचा ओढा असतो. धातू वाईट नाही. विमाने त्यातूनच होतात. पण पोलादाला असलेली ती निर्धास्त मर्यादा अॅल्युमिनियमला नाही: ताण कितीही कमी असला तरी त्याचे फेरे मोजकेच असतात. ज्या धातूचे आयुष्य मोजकेच आहे, तो वापरणाऱ्याने त्या आयुष्याचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्त आहे, आणि विमानाच्या बाबतीत तो ठेवला जातोही. गतवर्षीच्या गाडीचे हब काढून यंदाच्या गाडीला लावणाऱ्या संघाकडे तो असतो का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तिसरी गोष्ट वेल्डिंगची. स्पर्धेच्या आदल्या रात्री तडा दिसला आणि ईएन २४ सारख्या कठीण होणाऱ्या पोलादावर, आधी न तापविता, तसेच वेल्डिंग मारले, तर सांध्याशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि नवी चीर तेथूनच निघते. असा हब दुरुस्त झाला असे म्हणणे ही आत्मवंचना आहे.

रस्त्यावरची मोटार घेऊन शर्यतीत उतरणाऱ्यांची अडचण निराळी. तिचा हब कारखान्याने उत्तम केलेला असतो. पण तो रस्त्यावरच्या टायरला जेवढी पकड असते तेवढ्या रेट्यासाठी केलेला असतो. त्यावर शर्यतीचे चिकट, रुंद टायर चढविले, चाक दिसायला बाहेर यावे म्हणून स्पेसर घातला, की रेटाही वाढतो आणि तरफही लांबते. थकव्याचे गणित येथे फार निष्ठुर आहे: यंत्रावर कातलेल्या पोलादी भागातील ताण पाचव्या हिश्श्याने वाढला, तर त्याचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. अमेरिकेतील हौशी शर्यतींत माझ्दाची मियाटा ही लहान मोटार फार लोकप्रिय आहे. ती शर्यतीत पळविणारे अनुभवी लोक पुढचे हब बिघडण्याची वाट पाहत नाहीत, ते ठराविक मुदतीने नवे बसवितात. त्याच देशात २००६ पासून ‘लेमन्स’ नावाची एक शर्यत होते, जिच्यात गाडीवर पाचशे डॉलरांपेक्षा जास्त खर्च करावयास मुभा नाही. परंतु नियम करणाऱ्यांनी या पाचशेंतून सुरक्षेची साधने, ब्रेक, चाके, टायर आणि चाकांची बेअरिंगे वगळली आहेत. काटकसर हाच जिचा पाया, त्या शर्यतीनेही चाकाच्या मुळाशी काटकसर करू दिलेली नाही. नियमावलीत इतका समंजसपणा क्वचितच आढळतो.

दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ गळून पडली आणि कैकेयीने त्या छिद्रात आपला हात घालून रथ सावरला, ही अध्यात्मरामायणातली कथा कीर्तनकारांनी महाराष्ट्रात घरोघर पोहोचविली आहे. त्या कथेत यंत्रशास्त्राच्या दृष्टीने एक मार्मिक तपशील आहे: खीळ रथशाळेत पडत नाही, भर युद्धात पडते. हबही उभ्या गाडीत तुटत नाही. गाडी सर्वांत वेगात, वळणावर सर्वांत कललेली असते, तेव्हाच तो तुटतो, कारण उरलेला गाभा अपुरा पडण्याचा क्षण तोच असतो. आणि मग पंधरावीस किलो वजनाचे, गाडीच्याच वेगाने निघालेले चाक ज्या दिशेला जाईल, त्या दिशेला कोण उभे आहे यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

या ठिकाणी शर्यतीच्या मोठ्या जगातील अनुभव आठवावा लागतो. २६ जुलै १९९८ रोजी अमेरिकेत मिशिगनच्या मैदानात सुटलेले चाक कुंपणावरून प्रेक्षकांत गेले आणि तिघे मृत्यू पावले. १० सप्टेंबर २००० रोजी इटलीत मोंझा येथे आणि ४ मार्च २००१ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे, फॉर्म्युला वनसारख्या सर्वांत संपन्न शर्यतीत, मार्गाच्या कडेला कर्तव्यावर उभा असलेला प्रत्येकी एक स्वयंसेवक चाकाच्या आघाताने गेला. १९ जुलै २००९ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे दुसऱ्याच गाडीचे चाक डोक्यावर आदळून हेन्री सर्टीज हा अठरा वर्षांचा चालक दगावला. त्याचे वडील जॉन सर्टीज हे १९६४ चे जगज्जेते. या अपघातांत चाके सुटली ती टकरीमुळे, हे नमूद केले पाहिजे. पण सुटलेले चाक काय करते, याची साक्ष ते सारखीच देतात. त्यांतूनच चाकाला सांगाड्याशी बांधून ठेवणाऱ्या चिवट दोरांचा नियम आला आणि कडक होत गेला: फॉर्म्युला वनमध्ये २०११ साली प्रत्येक चाकाला दोन दोर सक्तीचे झाले, आणि चालकाच्या डोक्याभोवतीचे ‘हेलो’ हे कडे २०१८ पासून सक्तीचे आहे. मात्र दोर बांधलेला असतो तो नकलला. नट सुटला किंवा बेअरिंगच्या बाहेर हबच मोडला, तर दोर नकलला धरून राहतो आणि चाक निघून जाते. ७ जुलै २०१३ रोजी जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे पूर्ण न आवळलेले चाक मार्क वेबरच्या गाडीतून निसटले आणि एका कॅमेरामनचे गळ्याचे हाड व बरगड्या मोडून गेले. दोर तेथे होतेच. म्हणून हब आणि त्याचे नट यांना दुसरा जामीन नाही, असे मी म्हणतो. आपल्या हौशी गाड्यांवर तर बहुधा दोरही नसतात.

आता नियमांकडे वळू. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच कसुरीला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. तेव्हा शहरातील जालना रोडवर रात्री उशिरा जे चालते त्याचा या लेखाशी संबंध नाही. शर्यत ती, जी बंदिस्त मार्गावर, रीतसर परवान्याने, देशातील मोटार-क्रीडा महासंघाच्या नियमांखाली किंवा बाहासारख्या स्पर्धेच्या नियमावलीखाली होते. या नियमावल्या विचारपूर्वक केलेल्या आहेत. बाहाचेच पाहा: सांगाड्याच्या मुख्य नळ्या किमान पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या आणि तीन मिलिमीटर जाडीच्या, किंवा तितक्याच ताकदीच्या, चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आले पाहिजे, ब्रेक दाबताच चारही चाके जागच्या जागी आवळली गेली पाहिजेत, इंजिन बंद करण्याचे एक बटन आत, एक बाहेर, आणि स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांचा प्रत्येक नट आपोआप सैल न होणाऱ्या जातीचा असून बोल्टचे निदान दोन आटे त्याच्याबाहेर दिसले पाहिजेत. तपासनीस या साऱ्याची खातरजमा केल्याशिवाय गाडीला दाखला देत नाहीत.

पण तपासणीच्या रांगेत जे डोळ्यांना दिसते तेवढेच तपासता येते. हेल्मेटवरचा शिक्का दिसतो, पट्ट्याची मुदत वाचता येते, नळी मोजता येते. हब बेअरिंगच्या आत आणि डिस्कच्या मागे लपलेला असतो. त्याच्या खांद्यात चीर आहे का, तो किती किलोमीटर धावला आहे, कोणत्या पोलादातून काढला आहे, यांतले काहीही तपासनिसाला गाडीजवळ उभे राहून कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हबची तपासणी डोळ्यांनी होत नसेल तर ती दप्तराने झाली पाहिजे. ज्या शहरात मी हे लिहितो आहे, तेथील कारखान्यांत पोलादाचा गज आत येतानाच त्याच्याबरोबर दाखला येतो, तुकड्यावर बॅचचा क्रमांक उमटतो, हार्डनिंगच्या भट्टीची नोंद राहते, आणि दोन वर्षांनी एखादा भाग मोडला तर तो कोणत्या दिवशी कोणत्या गजातून निघाला हे सांगता येते. वाळूजच्या कोणत्याही पाळीतल्या कामगाराला ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. त्याच कामगाराचा मुलगा कॉलेजात गाडी घडवितो तेव्हा ही शिस्त दाराबाहेर का राहावी, हे मला समजत नाही. तिला पैसे लागत नाहीत. एक वही लागते.

त्या वहीत प्रत्येक हबला क्रमांक असावा, तो हबवरही कोरलेला असावा, मात्र ताण जेथे एकवटतो त्या खांद्यावर नव्हे, चकतीच्या कडेवर. पुढे पोलादाची जात व दाखला, लेथवरून आल्यावर मोजलेली गोलाई, हार्डनिंग झाले असल्यास त्याची तारीख, आणि मग सराव व शर्यत मिळून धावलेले किलोमीटर. संघाने आरंभीच, मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सल्ल्याने, मुदत ठरवावी, आणि ती भरली की हब वरकरणी कितीही धडधाकट दिसो, तो उतरवावा. मुदतीच्या आतही प्रत्येक स्पर्धेनंतर हब सोडवून, धुऊन, पेनिट्रंटची चाचणी करावी: लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हे डबे बाजारात मिळतात आणि ही चाचणी तासाभरात होते. याहून सूक्ष्म तपासणी हवी असेल तर वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, आणि पुण्याला १९६६ पासून मोटारींची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आहे; इतकी साधने हाताशी असलेली शहरे देशात थोडी आहेत.

चालकानेही कान आणि पाय जागे ठेवावेत. जोराच्या वळणानंतर ब्रेकचे पेडल एकाएकी खोल गेले तर हब डुलत असल्यामुळे डिस्कने पॅड मागे ढकलले असण्याचा संभव असतो. तीच गोष्ट सरळ मार्गावर नाहीशी होते म्हणून पुष्कळजण तिकडे दुर्लक्ष करतात. नटाभोवती गंजाच्या तांबूस रेघा म्हणजे तेथे धातूवर धातू घासतो आहे. एका चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा तापत असेल, ग्रीस काळवंडून बाहेर येत असेल, जॅकवर चढविलेले चाक वर-खाली धरून हलविले असता किंचितही खट् वाजत असेल, तर गाडी तेथेच थांबवावी. पुढची फेरी धावून मग पाहू, असे म्हणू नये. नट पान्याला लोंबकळून आवळू नयेत. टॉर्क रेंचने, कारखान्याने किंवा स्वतःच्या गणिताने ठरविलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर, चाक निवल्यावर, पुन्हा तपासावेत. हब आणि रिम जेथे टेकतात त्या पृष्ठांवर रंग असू नये. तो दबून नट सैल होतो.

आणि मुदत भरलेला किंवा चीर पडलेला हब फळीवर ठेवू नये. पुढच्या वर्षी वरच्या वर्गात आलेल्या, मागचा इतिहास ठाऊक नसलेल्या मुलांच्या हाती तो लागतो आणि घाईच्या रात्री गाडीवर चढतो. तो त्याच दिवशी ग्राइंडरने मधोमध कापावा, आणि वहीत त्याच्या क्रमांकापुढे तशी नोंद करून खाली सही करावी.